मांडवीकाठच्या पाहुण्यांचं नागकाठी स्वागत



स्वागताध्यक्षाकडून दोनच अपेक्षा असतात. निधी जमवावा आणि जेवणात हयगय होऊ देऊ नये. निधी जमला आहे, देणगीदारांची नावं स्मरणिकेत आहेत, ती वाचून दाखवत नाही. दुपारी गोळाभात आहे, रात्री पाटवडी रस्सा. गोव्याच्या मंडळींना मासळीची आठवण येईल याची कल्पना आहे, पण समुद्राला निमंत्रण देणं आमच्या समितीच्या अधिकारात नव्हतं.

यंदाची परिषद नदीकाठच्या राजधान्यांवर आहे आणि पहिल्या दिवसाचं शहर आहे पणजी. तयारीच्या बैठकीत कुणीतरी विचारलंच, ‘नागपुरात बसून पणजीचं काय करायचं?’ प्रश्न रास्त आहे. राजधानीपण शहराला कसं मिळतं हे पणजीला ठाऊक आहे, आणि ते गेल्यावर काय उरतं हे आम्हाला. दोघांनी एकदा समोरासमोर बसायलाच हवं होतं.

पणजी राजधानी झाली ती जुन्या गोव्यातल्या रोगराईमुळे. मांडवीकाठीच थोडं वर, आज जिथे मोठमोठी चर्च उभी आहेत, तिथे पोर्तुगिजांची भरभराटीची राजधानी होती. साथीमागून साथी आल्या, माणसं मेली, उरलेली निघून गेली. 1759 मध्ये खुद्द व्हाइसरॉयनेच मुक्काम हलवला आणि पणजीत आदिलशाही वाड्यात बिऱ्हाड केलं. ज्या आदिलशहाकडून गोवा हिसकावला, त्याच्याच वाड्यातून पुढे राज्यकारभार चालला. मुक्तीनंतर गोव्याची विधानसभाही सन 2000 पर्यंत तिथेच भरत होती. इतके धनी बदलूनही कामात राहिलेली वास्तू महाराष्ट्रात कुठली, हे इथल्या इतिहासकारांनी चहाच्या वेळी मला सांगावं.

पण व्हाइसरॉय राहायला आला म्हणून शहर होत नाही. तेव्हाची पणजी म्हणजे माड, वाळूचे उंचवटे आणि भरतीचं पाणी शिरणारी दलदल. रायबंदरकडून इथे यायचं तर सुमारे तीन किलोमीटरचा बांध, मिठागरांच्या मधून काढलेला. तो 1633-34 मध्ये लिन्यारिशच्या काउंटने बांधून घेतला होता आणि आजही त्यावरून गाड्या धावतात. रस्त्याचा एखादा तुकडा दर पावसाळ्यानंतर नव्याने करणाऱ्या आपल्या खात्यांनी तो एकदा पाहून यावा, एवढंच म्हणतो. पुढे 1826 नंतर दों मानुएल द पुर्तुगाल इ काश्त्रु यांच्या कारकिर्दीत दलदली बुजवल्या, वाळू सपाट केली, सरळ रस्ते आखले. 1832 मध्ये सार्वजनिक ग्रंथालय उघडलं, 1842 मध्ये वैद्यकीय शाळा सुरू झाली. राजधानीचा शाही हुकूम निघाला तो त्यानंतर, 1843 मध्ये. क्रम लक्षात घ्या. आधी रस्ते, ग्रंथालय, वैद्यकीय शाळा आणि मग दर्जा. आपल्याकडे दर्जा आधी मिळतो, उद्घाटन लगेच होतं आणि ग्रंथालयाची फाइल फिरत राहते.

हे सगळं परक्या सत्तेने केलं आणि ते काही धर्मादाय काम नव्हतं, हे विसरायचं कारण नाही. पणजीत महालक्ष्मीचं देऊळ बांधायला परवानगी मिळायला 1818 साल उजाडावं लागलं. जुनं शहर मेलं तेव्हा त्याचे दगड नव्या शहरात आले, घंटाही आली. पणजीच्या चर्चसमोर त्या नागमोडी पांढऱ्या पायऱ्या चढून गेलात की वर मधोमध जी प्रचंड घंटा दिसते, ती मूळची जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची. मठ ढासळला, त्याच्या मनोऱ्याचा एक भाग तेवढा उभा आहे. घंटा 1871 पासून पणजीत वाजते आहे.

आता आमच्याकडे वळतो. नागपूर 1861 मध्ये मध्य प्रांताची राजधानी झालं आणि 1 नोव्हेंबर 1956 ला ते राजधानीपण गेलं. रोगराई नाही, लढाई नाही, राज्यांची फेररचना झाली एवढंच. राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. ती बाजूला राहिली आणि 1953 च्या नागपूर कराराच्या भरवशावर आम्ही आधी द्विभाषिक मुंबईत आणि मग महाराष्ट्रात आलो. गोव्याला मात्र विचारलं गेलं. 16 जानेवारी 1967 ला जनमत कौल झाला आणि 34,021 मतांच्या फरकाने तुम्ही महाराष्ट्रात यायला नकार दिलात. आम्हाला कौल विचारला असता तर काय लागला असता, यावर या सभागृहात दोन्ही बाजूंची माणसं बसली आहेत, म्हणून मी इथेच थांबतो.

पण एका घराची चूल आपण अजून वाटून घेतो. मुंबई उच्च न्यायालयाचं एक खंडपीठ नागपूरला आहे आणि एक गोव्यात. विधानसभेच्या बाबतीतही आपण दोघे सारखेच अडलेले. तुमची विधानसभा नदी ओलांडून पर्वरीला गेली. आमच्याकडे विधानभवन आहे, पण आमदार येतात ते हिवाळ्यात, संत्र्यांच्या मोसमात, आणि एक-दोन आठवड्यांत परततात. आणखी एक नातं आहे. 1955 मध्ये नागपूर ज्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्याच राज्यातल्या सागरच्या सहोदराबाई राय गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात तिरंगा घेऊन गेल्या आणि पोर्तुगीज गोळ्यांनी जखमी झाल्या. हे नातं आम्ही नागपूरकर फारसं सांगत नाही. सांगायला हवं.

राहता राहिली नदी, आणि माझं खरं म्हणणं तिच्याबद्दलच आहे. पणजीने मांडवीकडे तोंड केलं. आदिलशाही वाडा नदीसमोर, कला अकादमीची चार्ल्स कोरिया यांनी रचलेली इमारत नदीसमोर, बेतीची फेरीबोट सुटते ती भर शहरातून. 5 जुलै 1986 ला मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा याच फेरीबोटींनी शहर चालतं ठेवलं. नागपूरने मात्र आपल्या नाग नदीकडे पाठ केली. घरांच्या मोऱ्या तिच्यात, कचरा तिच्यात, आणि नकाशातसुद्धा तिला शोधावं लागतं. शहराचं सांडपाणी घेऊन ती कन्हानला मिळते आणि तेच पाणी पुढे वैनगंगेतून गोसीखुर्दच्या जलाशयात जातं, जिथे मासेमारीवर जगणारी गावं आहेत. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग घराघरांत शिरली, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की आपल्या गल्लीमागे नाला नाही, नदी आहे.

पणजीचं कौतुक करताना डोळे मिटायची गरज नाही. मांडवीत तरंगणारे कॅसिनो आहेत, सांतिनेजच्या खाडीची अवस्था आमच्या नागेहून फार वेगळी नाही. हे गोव्याची मंडळीच मला सांगतात, रागाने सांगतात. असा राग नागपुरात अजून पुरेसा नाही, आणि तो थोडा इथे ठेवून जावा एवढ्यासाठीच खरं तर मी तुम्हाला बोलावण्याचा आग्रह धरला.

परिषदेच्या बैठका याच सभागृहात होतील. उद्या सकाळी सात वाजता मात्र अंबाझरीच्या बांधापासून पंचशील चौकापर्यंत नदीच्या काठाकाठाने पायी फेरी आहे. पाहुण्यांनी जरूर यावं, नाकाला रुमाल बांधावा. नागपूरकरांनी त्यांच्या आधी पोहोचावं, आणि महापालिकेत ओळख असणाऱ्यांनी ती ओळख सोबत घेऊन यावी.