सिस्टरच्या प्रश्नाचं संशोधन

घाटकोपरचं राजावाडी असो की जुहूचं कूपर, महापालिकेच्या रुग्णालयात सिस्टरला श्वास घ्यायला फुरसत नसते, तिथे संशोधन कुठलं! पण प्रश्न मात्र तिलाच पडतात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला शय्याव्रण, म्हणजे पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून त्याची कूस दर दोन तासांनी बदलायची, हे पहिल्यापासून शिकवतात. सगळ्यांनाच दोन तास का?

असा प्रश्न घेऊन सिस्टर, ट्यूटर आणि विद्यार्थिनी बसल्या की अभ्यासगट सुरू झाला. रीत जुनीच. महागडी नियतकालिकं मिळून घेता यावीत म्हणून विल्यम ऑस्लर यांनी 1875 साली माँट्रियलमध्ये डॉक्टरांचा जर्नल क्लब काढला होता. अभ्यासगटातही तसंच: एकीनं शोधनिबंध सांगायचा, बाकीच्यांनी खोदून विचारायचं: रुग्ण किती होते? तुलना कशाशी केली? वाचता वाचता ब्रेडन मोजपट्टी भेटते. 1987 सालची ही पट्टी संवेदना, ओलसरपणा, हालचाल, आहार अशा सहा बाबींना मिळून 6 ते 23 गुण देते. गुण जितके कमी, तितका शय्याव्रणाचा धोका जास्त.

बी.एस्सी. नर्सिंगला संशोधन आणि संख्याशास्त्र असतंच, पण परीक्षा संपली की वह्या माळ्यावर. विद्यार्थिनीकडे ताजं गणित, सिस्टरकडे अनुभव. जोडी छान जमते. अडचण पाळ्यांची. सकाळपाळीची सिस्टर पुढच्या पाळीला ओव्हर देऊन बोरिवली लोकल गाठणार! म्हणून बैठक अर्ध्या तासाची आणि, माझ्या मते, ड्यूटीतच धरलेली हवी. रुग्णांची माहिती गोळा करायची असेल, तर आधी नैतिकता समितीकडे अर्ज करावा लागतो.