छप्पर आधी, पंखा मागून



ही व्याख्यानमाला वसंतातली असली, तरी नगरच्या वसंताचा ग्रीष्म व्हायला वेळ लागत नाही. आपण येथे संध्याकाळच्या वाऱ्यावर बसलो आहोत; पण दुपारभर पत्र्याखाली विड्या वळणारी एखादी बाई आत्ता त्याच तापलेल्या खोलीत भाकरी थापीत असेल. आजचा विषय तिच्या घराचा आहे.

घर निववण्याचे दोन जुने धडे आपल्याच जिल्ह्यात आहेत. पहिला फराहबागेचा. 1583 मध्ये पूर्ण झालेला निजामशाहीचा हा महाल तलावाच्या मधोमध उभारला गेला. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता ओढून घेते. म्हणून पाण्यावरून येणारा वारा निवतो. आजचा कूलर हेच करतो, आणि आपल्या कोरड्या हवेत तो चांगला चालतो. पण सुलतानाजवळ तलाव होता. टँकरची वाट पाहणाऱ्या गावाने पाणी प्यावे की कूलरमध्ये ओतावे?

दुसरा धडा माळवदाचा. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, पाला आणि पांढऱ्या मातीचा जाड थर. दुपारचे ऊन या मातीतून खाली उतरेतो रात्र होते. तोवर माणसे अंगणात निजलेली असतात. पौषातल्या थंडीत तीच माती ऊब धरते. पाण्याचा थेंबही लागत नाही.

माळवद गळते, दरवर्षी माती मागते, हे मला ठाऊक आहे. पुन्हा तीच घरे बांधा, असे मी म्हणत नाही. त्यांतले तत्त्व उचला. उन्हाला छपरावरच अडवा. स्लॅबला चुन्याचा पांढरा हात द्या, पत्र्याला पांढरा रंग. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्यांचे आढे घाला आणि मधली पोकळी वाऱ्याला मोकळी ठेवा. भर दुपारी खिडक्या मिटा, रात्री उघडा; कूलर चालू असेल तर मात्र दमट हवेला वाट हवीच.

पंखा हवा थंड करीत नाही, हलवतो. तापल्या पत्र्याखाली तो गरम हवाच अंगावर ढकलतो. म्हणून नवे घरकुल बांधणाऱ्यांना आणि खोल्या भाड्याने देणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे: आधी छपराकडे पाहा. त्या बाईला सुलतानाचा महाल नको आहे. आजीच्या माळवदाखाली मिळे तेवढी सावली तिला पुरे आहे.