घराचे पदचिन्ह



पाठशाळेत 'पद' शब्दाची रूपे घोकविणाऱ्या मजसारख्याने घरबांधणीविषयी बोलावे, हे काहींस विचित्र वाटेल. परंतु १९९२ साली कॅनडातील विल्यम रीस यांनी मांडलेली पर्यावरणीय पदचिन्हाची कल्पना आपल्या भूमीस चांगलीच लागू पडते. मनुष्याच्या उपभोगास किती भूमी व जल लागते, याचे ते माप होय. आणि ती भूमी त्याच्या दारातच असते असे नाही.

पुण्या-मुंबईच्या घरांत शहाबादी फरशी. तिच्या खाणीचा खड्डा मात्र कलबुर्गी जिल्ह्यात. वाडीच्या सिमेंटचेही तेच. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली असता ५६ किलो चुना उरतो. ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन आकाशात जाते. भट्टीच्या इंधनाचा धूर निराळाच.

मग पुनश्च माळवदे घालावीत काय? माळवद उन्हाळ्यात गार खरे. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस त्याच दगडमातीच्या भाराखाली माणसे गाडली गेली. त्यानंतर जे स्लॅबकडे वळले, त्यांस दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

मठात नव्या वसतिगृहाचा विचार चालू आहे. माझी विनंती एवढीच की, जुनी ओवरी पाडू नये. छपरावरील माती कमी करून, भिंतींस भूकंपरोधक पट्टे बांधून ती राखावी. अपुऱ्या पडतील तेवढ्याच खोल्या नव्याने बांधाव्यात. नकाशा पक्का होण्यापूर्वी जाणत्या अभियंत्याने एकदा ती ओवरी पाहून जावी.