जामीन कोण राहणार?

(पोंभुर्णा येथील सभेंत केलेलें भाषण)



धानाच्या रोवणीच्या दिवसांत घरचा कर्ता माणूस तुरुंगांत गेला म्हणजे काय होतें, हें पोंभुर्ण्याच्या लोकांस आम्हीं सांगावयास नको. बांधी पडीक राहते, बैल सावकाराच्या दावणीला जातात, पोराची शाळा सुटते. गुन्हा एकाचा आणि उपास साऱ्या घराचा!

तुरुंगावांचून दुसरी वाट नाहीं काय? आहे. हा मुलूख मध्यप्रांत-वऱ्हाडांत असतां 1936 सालींच येथें परिवीक्षेचा कायदा झाला. 1958 सालीं तसाच कायदा देशाकरितां झाला. गुन्हा फांशीचा किंवा जन्मठेपेचा नसेल, तर न्यायाधीश दोषी माणसास चांगल्या वर्तनाच्या मुचलक्यावर, फार तर तीन वर्षांच्या मुदतीनें, घरीं सोडूं शकतो. अशा गुन्ह्यांत 21 वर्षांखालील मुलास तर परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागविल्याशिवाय व कारण लिहून ठेवल्याशिवाय तुरुंगांत घालतां येत नाहीं. हा चोरांचा कैवार नव्हे. ज्याचें नुकसान झालें त्यास भरपाई देवविण्याची तरतूद याच कायद्यांत आहे.

पण पैसेवाल्याचा वकील ही सवलत मागतो. आमचा अडाणी भाऊ 'कबूल' म्हणून अंगठा उठवितो. शिवाय अट अशी कीं, त्यास किंवा त्याच्या जामिनास कायमचें ठिकाण अथवा नियमित धंदा असावा. भटक्या, भूमिहीन माणसानें तें कोठून आणावें? 1871 च्या कायद्यानें ज्यांच्या जातींनाच गुन्हेगार ठरविलें, आणि 1952 सालीं तो कायदा उठला तरी ज्यांच्या कपाळींचा डाग आम्हीं पुसला नाहीं, त्यांस जामीन कोण राहणार?

विश्वास टाकला तर कैदी पळेल, असें कोणी म्हणेल. औंध संस्थानांत आटपाडीजवळ 1939 सालीं स्वतंत्रपूर वसलें. तेथें खुनाच्या गुन्ह्यांतले कैदी तटबंदीवांचून शेती करीत. राजा ब्राह्मण होता. तरी चांगलें तें चांगलेंच म्हणावें. सत्यशोधकास पंक्तिभेद शोभत नाहीं.

म्हणून आमचें मागणें थोडें आहे. प्रत्येक गांवीं दोन शिकलेल्या तरुणांनीं हा कायदा वाचावा. गरिबाचा खटला असेल त्या दिवशीं कोर्टांत जावें. वकील नसेल तर जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडून मागावा व परिवीक्षेचा अर्ज करवावा. शिक्षा लागलीच, तर पुढें संचित रजेच्या व पॅरोलच्या अर्जासही मदत करावी. आणि जामीन कोण, असें विचारतांच जात न पाहतां उभें राहावें.