अंतराळातला ताप

पृथ्वीवर आपल्या अंगाजवळची गरम हवा हलकी होऊन वर जाते, तिच्या जागी गार हवा येते. अंतराळ स्थानकात हे आपोआप घडत नाही. हवा खेळती ठेवायला तिथे पंखे अखंड फिरत असतात. घामही ओघळत नाही. त्वचेला थर धरून चिकटतो, लवकर वाळत नाही. त्यामुळे शरीरातली उष्णता सहज बाहेर पडत नाही.

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील संशोधकांनी ११ अंतराळवीरांच्या कपाळावर संवेदक लावून तापमान मोजले. सुमारे अडीच महिन्यांत विश्रांतीच्या वेळचे तापमानही १ अंश सेल्सिअसने वाढून ३८ अंशांवर गेले. व्यायाम करताना ते कधी कधी ४० च्या पुढे जाई.

मंगळाच्या लांबच्या प्रवासाला निघण्याआधी या तापावर उतारा शोधायलाच हवा.