तुम्ही लिहिता का?

चहापाणी झालं असेल, तर दहा मिनिटं माझ्याजवळ बसा. दर वेळी मी बचत, कर्ज, हप्ता यावर बोलते. आज कॉलेजातल्या एका प्रकल्पाबद्दल बोलणार आहे. "आमचा काय संबंध?" असं म्हणू नका. संबंध आहे, ऐका तर खरं.

माझ्या नणंदेची मुलगी शिकायला आमच्याकडे राहते. रोज एसटीनं तालुक्याला जाते, मराठी घेऊन बी.ए. करते. जानेवारीच्या सुरुवातीला एका रात्री ती हिरमुसली होऊन माझ्यापाशी बसली. "मामी, सरांनी प्रकल्प दिलाय. विषय घेतला 'ग्रामीण स्त्रिया आणि लेखन'. पण काही जमेना."

तिनं पंचवीस प्रश्नांचा फॉर्म तयार केला होता. पहिलाच प्रश्न : 'तुम्ही लिहिता का? हो किंवा नाही.' आदल्या दिवशी आमच्या गटाच्या बैठकीत तिनं तो विचारला होता. दहा बायकांपैकी आठजणींनी 'नाही' म्हणून सांगितलं. उरलेल्या दोघी म्हणजे आमच्या सचिव आणि अंगणवाडी ताई. झालं, पुढचे चोवीस प्रश्न वायाच गेले.

मी तिला म्हटलं, "चल माझ्याबरोबर." शेजारच्या काकूंकडे गेलो. काकू 'नाही' म्हणणाऱ्या आठजणींतल्याच. चुलीशेजारच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यावर काय काय होतं, सांगू? सकाळ-संध्याकाळ डेअरीला घातलेलं दूध, लिटरनिशी. गाय भरवली ती तारीख, तिच्याभोवती गोल. सिलिंडर लावला तो दिवस. नातवाचा डोस. मजुरीवर गेल्या त्या दिवसांना बरोबरची खूण, खाड्याला फुली. एका चौकोनात फक्त 'आई' एवढंच लिहिलेलं. त्या दिवशी त्यांच्या आई वारल्या होत्या.

पोरगी म्हणाली, "काकू, अहो हे लिहिलंयच की!" काकू म्हणाल्या, "आगं, हे काय लिव्हनं हाय व्हय? ह्यो हिशोब हाय. लिव्हनं म्हंजी पुस्तकातलं." आणि सहज सांगून गेल्या की मागं डेअरीच्या पावतीत अन् त्यांच्या आकड्यात फरक पडला, तेव्हा हेच कॅलेंडर काढून नेलं आणि पंधरवड्याचं बिल दुरुस्त करून घेतलं.

म्हणजे बघा, बाई चुकली नव्हती, प्रश्न चुकला होता. 'लिहिता का' म्हटलं की आपल्याला शाळा आठवते, मास्तर आठवतात, चुकलेली वेलांटी आठवते. आपण घाबरून 'नाही' म्हणतो. पण 'गेल्या आठवड्यात घरात कुठं, काय, कशासाठी लिहिलं?' असं विचारलं, तर प्रत्येकीजवळ काहीतरी निघतं.

आपल्या जनगणनेचंच घ्या. सात वर्षांचं किंवा त्याहून मोठं माणूस कोणत्याही भाषेत समजून वाचू आणि लिहू शकलं, तर ते साक्षर. ही मोजणी गरजेची आहे, त्याशिवाय शाळा कुठं हव्यात ते कळणार कसं? पण तिच्यात बाई काय लिहिते, कशासाठी लिहिते, हे येत नाही. ते शोधायला कुणीतरी चुलीपाशी येऊन बसावं लागतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी असं बसून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ओव्या रचणाऱ्या कितीतरी बायांना अक्षरओळख नव्हती, पण रचना त्यांचीच होती.

मग आम्ही दोघींनी त्या रात्री बसून प्रकल्पाची आखणी केली. गटात आपण कर्जाची करतो, अगदी तशीच.

पहिलं, विषय लहान केला. 'ग्रामीण स्त्रिया आणि लेखन' हे म्हणजे सगळ्या रानाला एका बादलीनं पाणी. त्याऐवजी : 'आमच्या गावातल्या दोन गटांतल्या बायका घरच्या कॅलेंडरवर काय लिहितात आणि त्याचा उपयोग काय होतो?' एवढंच. जुनं कॅलेंडर नुकतंच उतरलेलं होतं. त्याची पुस्तकांना कव्हरं घालायच्या आत, फळीवर अंथरायच्या आत ते बघायचं होतं. तेही वर्षभराचं नाही, शेवटच्या तीन महिन्यांचं.

दुसरं, माणसं ठरवली. बाराजणी. नुसत्या शिकलेल्या नाहीत. सासू, सून, शाळेत न गेलेली, बारावी झालेली, दूध घालणारी, मजुरीला जाणारी, अशा सगळ्या.

तिसरं, दिवस मोजले. प्रकल्प १५ मार्चला द्यायचा, म्हणजे हातात दहा आठवडे. एक आठवडा प्रश्न बसवायला आणि दोघीतिघींना विचारून बघायला. चार आठवडे गप्पांना, आठवड्याला तिघी. दोन आठवडे जमलेलं लावायला, दोन लिहायला, शेवटचा दुरुस्तीला. गप्पा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातच उरकायच्या, कारण ज्वारीची काढणी लागली की बाई घरात सापडत नाही. आणि जायचं ते संध्याकाळची धार काढून झाल्यावर. ऐकलेलं त्याच रात्री वहीत उतरवायचं, उद्यावर टाकायचं नाही.

इथवर सगळं सोपं होतं. आता माझी चूक सांगते.

पोरगी म्हणाली, "मामी, गटाच्या इतिवृत्ताच्या वहीचे फोटो काढू का? बायकांचंच लेखन आहे ते." वही माझ्याकडेच आलेली होती. घरचीच पोर, शिक्षणाचं काम, मी वही काढून तिच्या हातात दिली. तेवढ्यात आमच्या अध्यक्ष मावशी आल्या. त्यांनी वही बघितली आणि शांतपणे विचारलं, "ताई, ही वही कुणाची?"

मला उत्तर देता येईना. त्या वहीत कुणी कशासाठी कर्ज घेतलं ते आहे. कुणाचा दवाखाना आहे, कुणाच्या नवऱ्याची उधारी आहे. ते गटानं गटाला सांगितलेलं. ते फोनमध्ये घालून कॉलेजात पाठवायचा हक्क मला कुणी दिला? फोटो एकही निघाला नव्हता, पण निघाला असता. पुढच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर हे कबूल केलं. तेव्हापासून बैठकीत ठरल्याशिवाय वही कुणाला दाखवायची नाही, असा ठरावच झाला.

म्हणून आखणीत चौथी गोष्ट आली : परवानगी. काय विचारणार, कशाला विचारणार, कोण वाचणार, हे आधी सांगायचं. नावं बदलायची. मध्येच 'नको' म्हटलं तर थांबायचं. आणि जमा करायच्या आधी लिहिलेलं बायकांना वाचून दाखवायचं.

याची परीक्षा लगेचच झाली. प्रश्न बसवायच्या आठवड्यात एका बाईनं कॅलेंडर दाखवता दाखवता डब्यातून एक वही काढली. लेकीच्या जुन्या वहीची मागची पानं. त्यात त्यांनी मनातलं लिहिलेलं, कित्येक वर्षांचं. घरात कुणालाच माहीत नाही. पोरीला दोन पानं वाचू दिली आणि म्हणाल्या, "हे तुझ्या कामात घालू नको."

पोरगी रात्री माझ्यापाशी रडली. "मामी, अख्ख्या प्रकल्पात याच्यासारखं दुसरं काही मिळणार नाही. नाव बदलून घातलं तर?" मी म्हटलं, "नाव बदलशील, पण गावात अशी वही किती जणींकडे असेल? कळेलच की." ती रात्रभर तळमळली. सकाळी स्वतःच म्हणाली, नाही घालणार.

आपल्याच जिल्ह्यातल्या फलटणच्या बेबीताई कांबळे यांनीही कित्येक वर्षं घरच्यांपासून लपवून लिहिलं. 'जिणं आमुचं' हे त्यांचं पुस्तक १९८६ साली आलं. कधी बाहेर काढायचं, ते त्यांनी ठरवलं. या बाईंचंही त्यांनाच ठरवू द्या. पोरीनं त्यांना एक कोरी वही मात्र नेऊन दिली.

तर मैत्रिणींनो, उद्या तुमच्या दारात कुणी पोरगी कागद घेऊन आली, तर तिला हाकलू नका. आपलीच लेक आहे ती. तिला बसवा, पाणी द्या, आणि चार गोष्टी विचारा : तुला नेमकं काय शोधायचंय? आमचंच का? आमचं नाव येणार का? आणि लिहून झाल्यावर आम्हाला वाचून दाखवशील का? चारही उत्तरं नीट मिळाली, तर मोकळेपणानं बोला.

आणि तिनं विचारलं, "तुम्ही लिहिता का?" तर 'नाही' म्हणायच्या आधी एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघा.

येते. नमस्कार.