एकच माणूस आणि अख्खी चाळ

गोव्यातल्या पाळी, डिचोली, पेडणे परिसरातल्या श्रोत्यांना दशावतारातला संकासुर ठाऊक आहे. काळा वेश, लोंबणारी लाल जीभ आणि तर्काला धाब्यावर बसवणारी उत्स्फूर्त बडबड! अशा अतर्क्य विनोदाला शहरी रंगमंचावर एकट्याने उभं केलं ते पु. ल. देशपांडे यांनी.

त्यांचा जन्म 8 नोव्हेंबर 1919 चा, मुंबईचा. 'बटाट्याची चाळ' हे पुस्तक 1958 मध्ये आलं आणि पुढे त्याचा एकपात्री प्रयोग झाला. गच्चीच्या हक्कासाठी पेटून उठणारे भाडेकरू, वजन उतरवण्यासाठी उपास करणारे पंत, सगळे एकाच देहात. शेवटी तर खुद्द चाळच चिंतन करते. दगडमातीच्या इमारतीला मन देण्याची ही कल्पना मला त्यांच्या विनोदातली सर्वांत धाडसी वाटते.

1955 मध्ये ते आकाशवाणीत आले. नंतर बीबीसीत प्रशिक्षण घेऊन दिल्लीत दूरदर्शनच्या सुरुवातीच्या दिवसांत काम केलं, पंडित नेहरूंची मुलाखत घेतली. आवाजाचा चढउतार आणि नेमका विराम यांवर त्यांची विलक्षण हुकमत होती. आपल्या बा. भ. बोरकरांच्या कविता त्यांनी पत्नी सुनीताबाईंसह रसिकांपुढे वाचल्या, हे गोमंतकीयांनी विसरू नये. प्रयोगांच्या कमाईतला मोठा वाटा त्यांनी आपल्या प्रतिष्ठानामार्फत समाजकार्याला दिला.

12 जून 2000 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. त्यांची ध्वनिमुद्रणं आजही मिळतात. घरातल्या मुलांना ती जरूर ऐकवा.